सब्स्टन्सला ‘द्रव्य’ म्हणावं का?

सदरचा_वाचक: तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ घरच्या घरी वाचून राहिलो, इंग्रजी भाषांतरातून, आणि सोबत मराठीत टिपणं काढतो, कारण मराठीत लिहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. सब्स्टन्स आणि अ‍ॅक्सिडेंट या जोडीवर गाडी अडली; पहिलं म्हणजे स्वतःच्या आधारानं असलेली वस्तू, दुसरं म्हणजे तिच्या आधारानं राहणारे रंग, आकार असे धर्म. मी ‘द्रव्य’ आणि ‘गुण’ लिहिलं होतं. मिस्सा झाल्यावर आमच्या चर्चमधल्या एका काकांना वही दाखवली तर म्हणाले, द्रव्य म्हणजे पैसा, खोड ते अन् ‘सत्त्व’ कर. आता सत्त्व इथे खर्च केलं तर एसेन्सला, म्हणजे वस्तू मुळात काय आहे त्याला, काय लिहू? मला तीन शब्द पाहिजेत, तिन्ही वेगळे. कोणी वापरले असतील तर सांगा.

वैद्य_महाल: द्रव्य म्हणजे नुसता पैसा कसा? बीएएमएसला ‘द्रव्यगुण’ हा आख्खा विषय असतो. चरकाची व्याख्या आम्ही पाठ केलेली आहे, ‘यत्राश्रिताः कर्मगुणाः कारणं समवायि यत्’, गुण आणि कर्म ज्याच्या आश्रयानं राहतात ते द्रव्य. हिरडा तोंडात धरला की तुरट लागतो, तो तुरटपणा हिरड्याला सोडून वेगळा उचलून दाखवता येत नाही, हिरडा द्रव्य आणि तुरट हा रस त्याच्या आश्रयाला. तुमचा शब्द बरोबर आहे, काकांना सांगा.

तर्क_धरमपेठ: द्रव्य ठेवा पण ‘गुण’ काढा. अ‍ॅरिस्टॉटलच्या दहा कॅटेगरी, म्हणजे जे जे आहे त्याचे दहा प्रकार, पहिली सब्स्टन्स आणि बाकी नऊ अ‍ॅक्सिडेंट. गुण ही त्या नवातली एक झाली फक्त, परिमाण आहे, संबंध आहे, कुठे, केव्हा, हे सगळे अ‍ॅक्सिडेंटच. आपल्या वैशेषिक दर्शनात मात्र काल आणि दिक् हे नऊ द्रव्यांत मोजलेत. म्हणून जोडी जशीच्या तशी उचलू नका. मी ‘आगंतुक धर्म’ लिहीन.

बर्डीवाली: आगंतुक म्हणजे आला आणि गेला. पॉर्फिरी या जुन्या ग्रीक भाष्यकारानं कावळ्याच्या काळेपणाचं उदाहरण दिलंय, तो अ‍ॅक्सिडेंटच आहे पण कावळ्याला सोडून जात नाही, त्याला आगंतुक कसं म्हणाल? सरळ अ‍ॅक्सिडेंट लिहा न. क्रूस, पाद्री, पाव हे सगळे पोर्तुगीजांकडूनच आले आणि मराठी झाले.

तर्क_धरमपेठ: पाव खायची वस्तू आहे, ती शब्दासकट आली. अ‍ॅक्सिडेंट मराठीत आधीच आलाय आणि वर्धा रोडवर रोज होतो, वाचणाऱ्याला तोच आठवणार. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ‘वर येऊन पडणं’. आपल्याकडे आ + पत् आहे, ‘आपतित’ म्हणा, अगदी चपखल बसतो.

बर्डीवाली: आपतित कोण बोलते? गोव्यातले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये लिहिलं, ते १६१६ मध्ये छापून आलं, स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलं, लोकांच्या तोंडातला शब्द घेतला म्हणून ते लोकांनी गाइलं. शब्द असा पाहिजे.

तर्क_धरमपेठ: वैकुंठ घेतला म्हणजे त्याच्यासोबत विष्णूही आला, तत्त्वज्ञानात असं चालत नाही. इथं एका शब्दावर सगळा युक्तिवाद उभा असतो. सुम्माच्या तिसऱ्या भागात, प्रश्न ७७, थॉमस विचारतो की कम्युनियनमध्ये, म्हणजे मिस्सात भाकर ख्रिस्ताचं शरीर होते तेव्हा, भाकरीचं सब्स्टन्स राहिलं नाही तर रंग, चव, आकार कशाच्या आधारानं राहतात? उत्तर असं की देवाच्या सामर्थ्यानं परिमाण निराधार टिकतं आणि बाकीचे त्याच्या आश्रयानं राहतात. आपल्या न्याय दर्शनवाल्यांकडे बरोबर उलटं, ‘उत्पन्नं द्रव्यं क्षणमगुणं तिष्ठति’, नुकतं उपजलेलं द्रव्य एक क्षण गुणांशिवाय असतं. इकडे द्रव्य एकटं राहू शकते, तिकडे गुण. मला तर हे वाचून झोपच आली नाही त्या रात्री.

वैद्य_महाल: हे माहीत नव्हतं, फार सुंदर आहे.

सदरचा_वाचक: मग एसेन्सला?

जुना_विद्यार्थी: सुम्मा सध्या बाजूला ठेवा भाऊ. थॉमसचंच ‘दे एन्ते एत एसेन्शिया’ आहे, छोटंसं, तरुणपणी लिहिलेलं, एसेन्सचा सगळा उलगडा त्यात आहे. एकट्यानं शिकणाऱ्यानं तिथून सुरू करावं आणि त्याआधी अ‍ॅरिस्टॉटलचं ‘कॅटेगरीज’. १८७९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी थॉमसकडे परत चला म्हटलं ते मूळ ग्रंथांकडे जा म्हणूनच, आपण गाइडं वाचत बसतो. मी एसेन्सला ‘स्वरूप’ म्हणतो.

बर्डीवाली: मग फॉर्मला, म्हणजे वस्तूला ती वस्तू बनवणाऱ्या घडणीला, काय म्हणता? रूप? रूप अन् स्वरूप एकाच पानावर आले की वाचणारा गेला.

मोहननगर: एक सांगू का, वर ‘भाकरीचं सब्स्टन्स’ लिहिलंय ते मला खटकून राहिलं. भाकर ज्वारीची. मिस्सात होस्ट, म्हणजे कम्युनियनची पातळ चकती, गव्हाचाच लागतो, थॉमसनं पण गहूच सांगितलाय, प्रश्न ७४.

तर्क_धरमपेठ: मराठी बायबलात ‘जीवनाची भाकर’च आहे. रोजच्या प्रार्थनेत ‘रोजची भाकर’ म्हणता न?

मोहननगर: म्हणतो, पण तिथं भाकर म्हणजे अन्न. इथं पीठ कोणतं यावर संस्कार खरा की खोटा ठरते. आमच्या घरी गव्हाचं असलं की पोळी म्हणतात, भाकर कोणीच म्हणत नाही.

वैद्य_महाल: पोळी म्हटलं की पुरणपोळी आठवते, आणि तेल लागते तिला. होस्टमध्ये तर नुसतं पीठ आणि पाणी.

मोहननगर: फुलक्याला कुठं तेल लागते? पण फुलका फुगला पाहिजे, होस्ट फुगत नाही.