३२ किलोमीटर, पण सगळं सपाट. एका दिवसात जमेल का?

चढउतार
आम्ही चौघं आहोत, डोंगर भरपूर चढलोय. यंदा बदल म्हणून एका नदीच्या त्रिभुज प्रदेशातून, पाणथळीतून दिवसभराची पायपीट करायचं ठरवतेय. नकाशावर मोजलं तर ३२ किमी भरतं आणि चढ शून्य. निम्मी वाट बांधावरून आहे. मधे साधारण १४व्या किलोमीटरला नदीचा एक फाटा पायी ओलांडायचा आहे. उपग्रहाच्या चित्रात तो जवळजवळ कोरडा दिसतो. ताशी ५ किमी धरलं, सकाळी साडेसातला निघालो, तर जेवणाची सुट्टी धरून अडीच-तीनपर्यंत पलीकडे पोचू. तारीख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. मुखाजवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघितलं, ओहोटीचा तळ सकाळी ६:४० ला आहे. म्हणजे निघताना पाणी उतरलेलंच असेल, बरोबर ना? मोठ्या भावाचा एक गुडघा कुरकुरतो, पण तो म्हणतो सपाटीवर काय व्हायचंय. काही विसरतेय का?

गाळपाय
विसरत नाही आहात, पण सगळं डोंगराच्या हिशेबाने मोजताय. डोंगरात चढ तुम्हाला अडवतो. इथे पाणी अडवतं, आणि ते घड्याळाप्रमाणे जागा बदलतं.

आधी त्या फाट्याचं बघू. पौर्णिमेचा दुसरा दिवस म्हणजे ऐन उधाण, सगळ्यात मोठी भरती-ओहोटी. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. तुम्ही ५ च्या वेगाने १४ किमी चालून सव्वादहाला तिथे पोचाल, खरं म्हणजे पावणेअकरा होतील. बंदराच्या वेळेनुसार तेव्हा बारातले नऊ भाग भरलेले असतील. फाटा मुखापासून आत असल्याने तिथे पाणी उशिरा पोचतं. तो उशीर तासाभराचा धरला तरी निम्मं पाणी आलेलं असणार, आणि तेही चढतं. शिवाय नदीत आत गेलं की भरती कमी वेळात चढते आणि ओहोटी जास्त वेळ रेंगाळते, त्यामुळे हा हिशेबही उदारच समजा. उपग्रहाचं चित्र कुठल्या वेळेचं, कुठल्या ऋतूचं, हे चित्र सांगत नाही.

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. चार दिवसांनी गेलात तर ओहोटीचा तळ बंदरावर दहाच्या सुमारास आणि फाट्यावर त्याहून थोडा उशिरा येईल. तोवर उधाणही ओसरलेलं असेल. आणखी पुढे, अगदी भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांपर्यंत मात्र जाऊ नका. भांगाला भरती लहान असते तशी ओहोटीही अर्धवट असते, पाणी पुरतं उतरतच नाही. आणि काहीही असो, आदल्या दिवशी कोणीतरी ओहोटीच्या वेळी तो फाटा डोळ्यांनी बघून या. तिथल्या होडीवाल्याला विचारलंत तर तो एका वाक्यात सांगेल.

मी एकदा हे केलं नव्हतं. पाणी नडलं नाही, बांध नडला. १९व्या किलोमीटरला त्याला खांड गेलेली होती, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं होतं, अगदी ताजं. समोरचं टोक दोनशे मीटरवर दिसत होतं, त्यावर एक बगळा निवांत उभा होता. मधे गाळ. वळसा घालून पलीकडे जायला ९ किमी पडले आणि शेवटचे दोन अंधारात. तेव्हापासून दर पाच-सहा किलोमीटरला ‘इथून रस्त्यावर बाहेर पडता येईल’ अशी जागा नकाशावर खुणावल्याशिवाय मी निघत नाही. खूण नसेल तर ती वाट माझी नाही.

दोन फाट्यांच्या मधून सरळ जायचा मोह होईल, तोही टाळा. नदी पूर आला की जाड वाळू काठालाच टाकते आणि बारीक गाळ लांब नेते. म्हणून काठ उंच आणि घट्ट असतो, मधला भाग बशीसारखा खोलगट आणि लिबलिबीत. वेडावाकडा काठ धरून चालणंच जवळचं पडतं. तरी पाय रुतलाच तर सरळ वर ओढू नका, गाळ चोखून धरतो. मागे रेलायचं, बसल्यासारखं व्हायचं, वजन पसरायचं आणि पाय हळूहळू हलवत सोडवायचा.

वेग ताशी साडेतीन धरा. ३२ किमीला नऊ तासांहून जास्त होतात. आता तुम्हीच बघा.

संथवाही
भावाच्या गुडघ्याबद्दल. सपाटी म्हणजे आराम, हा गैरसमज मलाही होता. डोंगरात चढताना एक स्नायू, उतरताना दुसरा, असं काम वाटून जातं. सपाटीवर तोच पाय तसाच वीस हजार वेळा पडतो. त्यात बांधाचा माथा एका बाजूला कललेला असला तर एक पाय सतत खाली. दर अर्ध्या तासाने बांधाची दुसरी कड धरा. जड बूट नकोत, पाणी निथळून जाईल असे हलके बूट आणि मोज्यांचे दोन जास्तीचे जोड. मोजे ओले झाले की लगेच बदला, फोड आल्यावर नव्हे.

शंकासुर
भरतीचं एवढं अवडंबर कशाला? मी अशाच ठिकाणी दोनदा गेलोय, घोट्याएवढं पाणी होतं.

गाळपाय
शंकासुर, दोन्ही वेळा तिथी कोणती होती ते आठवलंत तर सांगा.

चढउतार, दोन गोष्टी राहिल्या. प्यायचं पाणी सगळं पाठीवर. चहूकडे पाणीच पाणी, पण मचूळ, आणि ते गाळून-उकळून गोडं होत नाही. माणशी चार लिटर तरी. सावली शून्य, आणि पाण्यावरून ऊन खालूनही मारतं, हनुवटीखालीही भाजतं. पायावर ओरखडा असेल तर तो झाकून मगच पाण्यात पाय घाला. जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

दुसरं म्हणजे कंटाळा. हसू नका. उभ्या माणसाला क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर असतं, म्हणजे समोर दिसणारा मनोरा तास-सव्वा तास चाललं तरी तिथेच. डोंगरात वळणावळणाला चित्र बदलतं, इथे नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तो शेवटच्या टप्प्यात पाठीशी येईल अशी दिशा निवडा. ३०व्या किलोमीटरला तोंडावर वारा आला की सख्खे भाऊही भांडतात.

परवानगी लागते का तेही बघा. पाणथळी बऱ्याचदा राखीव असतात. डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात फिरायलासुद्धा परवाना लागतो. पक्ष्यांच्या विणीच्या काळात बांध सोडून खाली उतरू नका. टिटवी आणि सुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, पायाखाली आल्यावर कळतं.

चढउतार
भावाला सगळं वाचून दाखवलं. गुडघ्याचं ऐकून गप्प बसला.

बदललेला बेत असा: तारीख चार दिवस पुढे. ३२ चे २१ केले. फाटा ओलांडायचाच नाही, अलीकडच्या काठाने उघाडीपर्यंत (बांधातल्या पाणी सोडायच्या दारापर्यंत) जायचं आणि तिथल्या रस्त्याने बाहेर पडायचं. उघाडीच्या आधी बाहेर पडायच्या तीन जागा खुणावल्यात. दुपारी एकला जिथे असू तिथून जवळची जागा गाठायची, यावर चौघांचं एकमत आहे (सध्या तरी). दिशा उलटी केली, वारा पाठीशी येईल. आदल्या संध्याकाळी दोघं जाऊन बांध बघून येणार.

भाऊ विचारतोय, दुर्बीण घ्यायची का? उगाच वजन नको म्हणतोय.

गाळपाय
घ्या. माझ्या त्या बांधाला खांडीच्या आधी मोठं वळण होतं. गळ्यात दुर्बीण असती तर खांड मला तीन किलोमीटर आधी दिसली असती.