केदारकंठासाठी ६५ लिटरची सॅक पुरेल का?

प्रश्न: जानेवारीत उत्तराखंडमधल्या सांकरी गावाहून केदारकंठा शिखरावर जायचे असून तंबू, स्लीपिंग बॅग आणि शिधा आम्ही दोघे स्वतःच वाहणार आहोत. सह्याद्रीतील मुक्कामांना पुरणारी ५० लिटरची सॅक तिथल्या बर्फात अपुरी पडेल असे वाटते. ६५ लिटरची घ्यावी की ८० लिटरची?

प्रतिसाद १: तंबू दोघांत वाटून घेतलात तर ६५ लिटर पुरे, खरी जागा खातात ती उणे तापमानाची स्लीपिंग बॅग आणि पिसांचे जाकीट. मात्र लिटरपेक्षा पाठीचे माप महत्त्वाचे. मान झुकवल्यावर हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत ते मोजावे, आणि दुकानात सॅकमध्ये पंधरा किलो वजन भरून, जाड जाकीट घालूनच ती चढवून पाहावी, म्हणजे कमरपट्टा त्या हाडावर नीट बसून खांद्यांवरचा भार उतरतो की नाही ते कळेल.

प्रतिसाद २: मी ७५ लिटर सुचवेन, कारण थंडीत गोठल्या बोटांनी सामान कोंबत बसणे जिवावर येते. हातमोजे न काढता बकल उघडतात का, तेही पाहावे. पाण्याची पिशवी आणि तिची पिण्याची नळी यांच्यासाठी वेगळ्या कप्प्याचे पैसे मोजू नयेत; ती नळी गोठतेच. बाटली सॅकच्या आत उलटी ठेवावी, कारण बर्फ वरून धरतो आणि खाली असलेले तोंड मोकळे राहते.