सोसायटीच्या गच्चीवर पोपटी आणि सिगडी लावता येते का? (नवी मुंबई)

खाडीकाठ
नेरूळला सात मजली सोसायटी आहे. जानेवारीत अठरा-वीस जणांसाठी दोन मडकी पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा, चिकन, अंडी भरून जाळावर भाजतात ती) आणि कोळशाच्या सिगडीवर बांगडे असा बेत आहे. गच्चीवर सोलरचे पॅनल, तीन प्लास्टिकच्या टाक्या आणि अर्ध्या भागावर पावसाळी शेड. कमिटीतले एक काका म्हणतात, हायकोर्टाने कोळशावर बंदीच घातली आहे. खरंच का? परवानगी कुणाची घ्यायची? आणि गच्चीवर करावं की खाली?

उपविधी
हायकोर्टाचा तो आदेश ९ जानेवारी २०२५ चा. मुंबईत लाकूड-कोळशावर धंद्याच्या भट्ट्या चालवणाऱ्यांना, मुख्यतः बेकऱ्यांना, सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगणारा. घरगुती सिगडीचा त्यात विषय नाही.

तुम्हाला लागू होतात ते नियम वेगळे. गच्ची सामाईक मालमत्ता. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) ती कुणाला भाड्याने देता येत नाही, पण समारंभापुरती सदस्याला वापरायला देता येते. त्यासाठी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करा: तारीख, वेळ, माणसं किती, इंधन कोणतं, विस्तवापाशी शेवटपर्यंत कोण थांबणार. मात्र आधी सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पाहा. गच्चीवर विस्तव नको असा ठराव झाला असेल तर कमिटीने परस्पर परवानगी देऊ नये.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि रहिवाशांची आहे. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरून घ्यावा लागतो. तो भरलेला आहे का आणि होज रीलला (आग विझवायच्या गुंडाळलेल्या पाइपला) खरंच पाणी येतं का, हे बेताच्या आठवड्यात बघून घ्या. जिन्यात खुर्च्या, कोळशाची पोती ठेवू नका. निष्काळजीपणे आग हाताळून कुणाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

भांबुर्डा
पोपटी गच्चीवर नको, हे माझं ठाम मत. सिगडीत निखारा असतो, पोपटीला जाळ लागतो. पेंढा पेटला की जाळ कमरेच्या वर जातो, जळक्या काड्या वाऱ्यावर उडतात आणि शेडवर, सोलरच्या पाइपवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. शिवाय खालचं वॉटरप्रूफिंग डांबरी मेंब्रेनचं असेल तर ते वितळतं. कोब्याला तडे जातात आणि पहिल्या पावसात सातव्या मजल्याचं छत गळायला लागतं.

खाली मातीची जागा असेल तिथे करा. गाड्यांपासून आणि मीटर रूमपासून निदान वीस फूट लांब, अग्निशमनच्या बंबाची वाट सोडून.

खाडीकाठ
मागे मोकळी जागा आहे, पण पेव्हर ब्लॉकची. भिंतीला लागून गॅसच्या पाइपांची रांग आहे.

भांबुर्डा
त्या भिंतीकडे जायचंच नाही. दुसऱ्या टोकाला ब्लॉकवर चार इंच कोरडी रेती पसरा. ब्लॉकमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन त्याची ढलपी उडते, म्हणून रेती हवीच.

एका मडक्याला दोन किलो वालाच्या शेंगा, किलोभर चिकन, सहा अंडी, बारके बटाटे, पन्नास ग्रॅम जाडं मीठ, दोन चमचे ओवा. पाणी अजिबात नाही. तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा (वासाच्या रानझुडपाचा) पाला जाड लावा, तोंडाशी घट्ट कोंबा आणि मडकं उपडं ठेवा. पाला विरळ राहिला की कडेच्या शेंगा करपतात. मडकं ओलं असेल तर जाळात तडकतं, म्हणून आदल्या दिवशी उन्हात ठेवा.

जाळ अर्धा ते पाऊण तास, थोडा थोडा पेंढा टाकत. मग मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र होऊन क्षणात उडाले की झाली. तोंड उघडताना चेहरा बाजूला, आत कोंडलेली वाफ एकदम येते.

वेळ संध्याकाळी साडेपाचची घ्या. तेव्हा वारा समुद्राकडून वाहता असतो, धूर निघून जातो. थंडीत रात्री वारा पडला की धूर खालीच साचतो आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत शिरतो. त्या घरांत दम्याचं कुणी असेल तर आधी जाऊन सांगा.

निखारा
बांगड्यांची सिगडी गच्चीवर चालेल, शेडबाहेर, टाक्यांपासून दहा फूट तरी लांब, पाय असलेली आणि खाली विटांचा थर. दोन किलो लाकडी कोळसा पुरे. आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत कोळसा ओल धरतो, मग फुटतो आणि ठिणग्या उडवतो. पत्र्याच्या बंद डब्यात ठेवा. पेटवायला रॉकेल-पेट्रोल नको, कापूर आणि करवंट्या बस. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय आली की मगच मासे ठेवा. दोन बादल्या पाणी, एक बादली वाळू आणि आग विझवायचं सहा किलोचं एबीसी पावडरचं सिलिंडर हाताशी असू द्या. गच्चीचं दार पूर्ण वेळ उघडं राहील एवढं बघा.

काचा लावलेल्या बाल्कनीत सिगडी कधीच नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कोंडतो आणि त्याला वास नसतो.

घरचा १४.२ किलोचा सिलिंडर वर नेणार असाल तर तो उभाच ठेवा, नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर वायू पावसाच्या पाण्याच्या जाळीतून खाली उतरतो. जाळीपासून लांब बसवा. वास आला तर रेग्युलेटर बंद, टोपी लावा, विजेच्या बटणाला हात नको, १९०६ ला फोन करा. आग लागली तर १०१.

शेवटी राख. वरून थंड वाटते, पोटात दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा जिवंत असतो. लोखंडी घमेल्यात काढा, पाणी ओता, ढवळा, परत ओता. सोसायटीच्या प्लास्टिकच्या कचरापेटीत ती चोवीस तासांआधी टाकू नका.