लेथची डीसी मोटर, नवा बोर्ड आणि दोन निळ्या वायरी

प्रश्न
छोट्या लेथचा स्पीड कंट्रोल बोर्ड जळाला. मोटर शाबूत आहे: पर्मनंट मॅग्नेट, १८० व्होल्ट डीसी, ५५० वॅट. बदली म्हणून २३० व्होल्टवर चालणारा एससीआर बोर्ड (एसीचं कमी-जास्त डीसी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) आणलाय. त्यावर सप्लायचे एल १ आणि एल २, मग ए प्लस-ए मायनस, एफ प्लस-एफ मायनस आणि पॉटचे, म्हणजे स्पीड कमी-जास्त करायच्या नॉबचे, पी १, पी २, पी ३ असे टर्मिनल आहेत. मोटरमधून मात्र चार वायरी येतात, लाल-काळी जाड आणि दोन निळ्या बारीक. जाड ए ला आणि निळ्या एफ ला, बरोबर ना? आणि रिव्हर्सचा स्विच कुठे टाकू?

प्रतिसाद १
निळ्या वायरी एफ ला अजिबात लावू नका! एफ म्हणजे फील्ड, आणि पर्मनंट मॅग्नेट मोटरला फील्ड वाइंडिंगच नसतं. निळी जोडी बहुतेक थर्मल स्विचची, म्हणजे मोटर तापली की उघडणाऱ्या स्विचची असणार. मोटर गार असताना ओहमवर मोजा, जवळपास शून्य आलं तर तेच. एफ वर पॉट शून्यावर असतानाही सुमारे २०० व्होल्ट डीसी असतं. तिथे थर्मल स्विच जोडला तर थेट शॉर्ट, आणि बोर्डातले डायोड गेले. एफ चे दोन्ही स्क्रू रिकामे ठेवा.

थर्मल स्विच नो-व्होल्ट स्विचच्या (वीज तुटली की पडणारा, पुन्हा बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारा) कॉइलला सिरीजमध्ये घ्या. मेन लाइनमध्ये घातला तर मोटर तापल्यावर बंद पडेल खरी, पण गार झाली की आपोआप सुरू होईल. तेव्हा तुमचा हात चकात (काम धरणाऱ्या फिरत्या पकडीत) असू शकतो.

प्रतिसाद २
रिव्हर्स स्विच बोर्ड आणि मोटरच्या मध्ये. सहा टर्मिनलचा, मधे ऑफ असलेला घ्या. मधल्या दोनवर मोटर, एका टोकाच्या दोनवर ए प्लस-ए मायनस, तिथून दुसऱ्या टोकाला तिरप्या जम्पर. स्विचवर डीसीचं रेटिंग बघून घ्या. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती ताणली जाते आणि काँटॅक्ट चिकटतात.

मोटर पूर्ण थांबल्याशिवाय स्विच फिरवायचा नाही. फिरती मोटर स्वतःच जनरेटरसारखी समजा १५० व्होल्ट बनवते, ते आणि बोर्डाचे १५० यांची बेरीज होते. आर्मेचर (मोटरचं फिरणारं वाइंडिंग, जाड वायरी त्याच्याच) ५ ओहमचं धरलं तर ६० अँपिअर! एससीआर गेलाच. चक आट्यांवर बसणारा असेल तर तोही सुटून येईल.

प्रश्नकर्ता
एफ रिकामे ठेवले. मोटर न जोडता बोर्ड तपासला, तर पॉट शून्यावर असूनही ए वर १९० व्होल्ट दिसतात. बोर्ड खराब आहे का?

प्रतिसाद १
तेवढ्यावरून बोर्डाला खराब ठरवू नका. लोड नसताना एससीआरच्या बारीकशा गळतीवरही मीटर मोठा आकडा दाखवतो. मोटरच्या जागी १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब लावा. पॉट फिरवताना तो विझलेल्यापासून सावकाश उजळत गेला तर बोर्ड चांगला. उलटा चालला, म्हणजे डावीकडे वळवल्यावर उजळला, तर पॉटच्या कडेच्या दोन वायरींची अदलाबदल करा, मधली तशीच.

पॉटची खालच्या टोकाची वायर तुटली तर मोटर थेट फुल स्पीडला जाते, म्हणून तिन्ही सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवा. या बोर्डांमध्ये पॉट बहुधा मेन्सपासून वेगळा केलेला नसतो. प्लास्टिकची नॉब लावा आणि तिचा ग्रब स्क्रू आत दबलेला ठेवा. अर्थिंग मोटरच्या बॉडीला, लेथच्या बेडला आणि डब्याला, तिन्हीकडे.

प्रतिसाद २
जोडण्याआधी दोन्ही जाड वायरी सुट्या करून बॉडीशी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावा. १ मेगओहमच्या खाली आलं तर आत कार्बनची भुकटी साचलीय. ब्रश काढून ब्लोअर मारा. मेगर लावताना बोर्ड जोडलेला नको.

मग ट्रिमर, म्हणजे बोर्डावरचे सेटिंगचे छोटे स्क्रू. करंट लिमिट नेमप्लेटवरच्या अँपिअरच्या दीडपट. आयआर कॉम्पेन्सेशन (लोड आल्यावर स्पीड पडू नये म्हणून) हळूहळू वाढवा. कमी स्पीडला मोटर आचके द्यायला लागली की थोडं मागे घ्या. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असेल तर कमी स्पीडला हवा मिळत नाही. जाड कट घ्यायचा असेल तर पॉट खाली आणण्याऐवजी पट्टा मोटरकडच्या लहान पुलीवर टाका.