नुसत्या खोबरेलाचा साबण
खोबरेल तेलाच्या साबणाने अंग कोरडं पडतं असं तुम्ही लिहिलंय. कृती चुकलेली नाही, प्रमाण बदला. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे फेस छान येतो, पण त्वचेचं तेलही निघून जातं. ५०० ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण ९१ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. मी ७३ ग्रॅमच घेते, म्हणजे वीसेक टक्के तेल साबण न होता मोकळं राहतं आणि अंग तेवढं कोरडं पडत नाही. वजन डिजिटल काट्यावरच करा, वाटी-चमच्याने अजिबात नको. आणि कळकळीने सांगते, सोडा पाण्यात घाला, सोड्यावर पाणी कधीही ओतू नका. भांडं स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. वड्या चार-सहा आठवडे हवेशीर जागी सुकवून मगच वापरा.