राजापूर मतदारसंघाचा १९५७पासूनचा तक्ता कसा जुळवायचा?

प्रश्न: २००४नंतर राजापूर लोकसभा निकालांत सापडतच नाही. २००९चे आकडे त्याच रांगेत पुढे लावले तर चालतील का?

उत्तर १: नका लावू. २००८च्या पुनर्रचनेत राजापूर संपला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. आता त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी येतात. जुन्या रत्नागिरी लोकसभा मतदारसंघातले दापोली आणि गुहागर रायगडात गेले. मताधिक्याची थेट तुलना केलीत तर फसाल, मतदारच वेगळे आहेत.

जुना राजापूर असा: नाथ पै १९५७, ६२, ६७. मधु दंडवते १९७१ ते ८९ सलग पाच वेळा, अगदी १९८४च्या काँग्रेस लाटेतही. १९९१ला काँग्रेसचे सुधीर सावंत. १९९६ ते २००४ चारही वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू.

उत्तर २: पुढचं जोडतो. २००९ नीलेश राणे (काँग्रेस), २०१४ आणि २०१९ विनायक राऊत (शिवसेना), २०२४ नारायण राणे (भाजप), मताधिक्य ४७,८५८.

पण खरी गंमत विधानसभानिहाय बघण्यात आहे. २०२४ला चिपळूण, रत्नागिरी, राजापुरात राऊत पुढे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत राणे. म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या हद्दीवरच मतं दुभंगली! नुसत्या एकूण बेरजेत हे दिसत नाही. त्यासाठी नमुना २० (निवडणूक आयोगाचं अंतिम निकालपत्रक) काढा, मतदान केंद्रनिहाय मतं त्यात असतात. टपाली मतं शेवटी वेगळी येतात; ती धरली नाहीत की बेरीज जुळत नाही आणि लोक आयोगाला नावं ठेवतात.

उत्तर ३: पक्षाच्या रकान्यात दंडवत्यांपुढे सरसकट ‘जनता दल’ लिहू नका. तो पक्षच १९८८चा.