वसंतातली दरी आणि मावळतीचा उजेड: तुमची जमलेली-फसलेली प्रचि (प्रकाशचित्रं)

कातळवेडा (धागाकर्ता)
मार्चचा तिसरा आठवडा, पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, त्यात विषुवदिन तोंडावर, म्हणजे सूर्य बरोब्बर समोर बुडणार असा माझा हिशेब. हवा हिशेबात धरलीच नव्हती. पावणेसातला मावळायचा तो साडेसहालाच तांबडी टिकली झाला आणि क्षितिजाच्या बराच वर धुरकटात विरून गेला. खाली कुठेतरी वणवा असावा, वास वरपर्यंत येत होता.

त्यात दरीतून वर उसळणारा वारा. ट्रायपॉड हलू नये म्हणून मधल्या हुकला सॅक लटकवली, सगळे सांगतात तशी. सॅकच झोके घ्यायला लागली! कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठीक दिसलं, घरी मोठं करून पाहिलं तर अर्ध्या सेकंदाची झाडून सगळी प्रचि दुहेरी. आता सॅक जमिनीला टेकवतो, पट्टा ताणून बांधतो आणि मधला दांडा वर काढतच नाही.

सामान आवरायचा कंटाळा केला म्हणून बसून राहिलो, ते बरं झालं. वीसेक मिनिटांनी खालच्या बेलपाडा गावाचे दिवे लागले, कड्याची अर्धगोल कड निळी पडत गेली. तेवढं एकच प्रचि भिंतीवर आहे.

तुमचेही किस्से येऊ द्या. फसलेले आधी.

पळसपान
धुरकटाला काय घाबरायचं! 70-200 ची लांबचं जवळ आणणारी लेन्स लावा. त्याच्यामुळेच तर रांगेमागे रांग फिकट होत जाते, पावसानंतरच्या लख्ख हवेत हे थर मिळत नाहीत. मार्चमध्ये मी वाइड लेन्स घरीच ठेवते. मात्र पांगारा फुललेला असेल तर सूर्याकडे पाठ करा. उजेड झाडामागून आला की तो लालभडक पांगारा काळं खराट्यासारखं झाड दिसतो. दोन वर्षं मी खराटेच काढले.

सॅन होजेकर
पळसपान, पाठ करण्याबद्दल +1. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीचं टनेल व्ह्यू असंच आहे. तिथून दरी पूर्वेकडे उघडते, सूर्य आपल्या मागे. डावीकडे एल कॅपिटनचा कडा, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, मधे लांबवर हाफ डोमचा डोंगर. मे महिन्यात गेलो, बर्फ वितळत असल्यामुळे धबधबा भरून वाहत होता. दरीचा तळ आधी सावलीत जातो, उजेड कड्यांवरून वर वर सरकतो. हा फरक सांभाळायला अर्धा काळा फिल्टर (वर काळी, खाली पारदर्शक काच) लावला आणि एल कॅपिटनचं डोकं करपल्यासारखं आलं. क्षितिज सपाट असेल तिथे तो फिल्टर ठीक, उभ्या कड्याला नाही. मग ट्रायपॉड न हलवता तीन वेगवेगळी एक्स्पोजर (कमी-जास्त उजेडाची प्रचि) घेतली, घरी जोडली. आई तोवर गाडीत थर्मासमधला चहा संपवून बसली होती.

बुरांस
एप्रिल, उत्तराखंडातलं देवरियाताल. सारी गावातून चढताना बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला, तळ्यात चौखंबा शिखराचं प्रतिबिंब वगैरे ऐकून गेलेलो. तीन दिवस दुपारी ढग आले ते रात्रीपर्यंत हललेच नाहीत. चौथ्या दिवशी निघताना, पहाटे, लख्ख. संध्याकाळचं विचारू नका.

सुमतीआत्या
माझ्याकडे फक्त मोबाइल. महाबळेश्वरला बॉम्बे पॉइंटवर आकाश नुसतं पांढरंफटक येत होतं. नातवानं शिकवलं, सूर्याजवळ बोट टेकवायचं, बाजूला छोटासा सूर्य दिसतो तो खाली ओढायचा. केशरी रंग आला बाई! पण डोंगर काळे झाले. ते तसेच ठेवायचे का?

कातळवेडा
आत्या, काळेच ठेवा. पुढच्या वेळी नातवाला कडेला उभा करा, आकृती झकास उमटेल. कठड्याच्या आत हं.